दाबलेल्या हवेचा ताप

टर्बोची गाडी घेताना लोक सीसी विचारतात, अश्वशक्ती विचारतात, ॲव्हरेज तर विचारतातच. इंटरकूलर कुठे बसवला आहे आणि केवढा आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणारी एक लिटर इंजिनाची गाडी असो की कसारा घाट चढणारा अवजड ट्रक, टर्बोने दिलेली ताकद प्रत्यक्ष चाकांपर्यंत पोचते की वाटेतच विरते, हे बऱ्याच अंशी हाच भाग ठरवतो.

टर्बोची कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला असलेलं चक्र, म्हणजे कॉम्प्रेसर, बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात ढकलतं. जास्त हवा म्हणजे जास्त प्राणवायू, म्हणून जास्त इंधन जाळता येतं. पण हवा दाबली की तापतेच. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं नळकांडं हाताला गरम लागतं, तेच इथे मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्यांच्या वेगाने होतं.

हा ताप किती असतो, ते गणिताने पाहू. अकोल्यात उन्हाळ्यात बाहेर ४० अंश सेल्सिअस आहे असं धरा. टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला. कॉम्प्रेसर अगदी आदर्श असता तरी हवा १०८ अंशांवर गेली असती. प्रत्यक्षात त्याची कार्यक्षमता सत्तर टक्क्यांच्या आसपास धरली, तर ती १३८ अंशांवर जाते. गरम हवा विरळ असते. त्यामुळे दाब दुप्पट झाला तरी सिलिंडरमध्ये हवा भरते ती दीडपटच. तीच हवा वाटेत इंटरकूलरने ६० अंशांपर्यंत थंड केली, तर जवळजवळ १.९ पट हवा मावते. टर्बोवर जास्तीचा ताण न देता सुमारे तेवीस टक्के अधिक हवा मिळाली. इंटरकूलरमधून जाताना थोडा दाब कमी होतो, तो वजा केला तरी हा नफा मोठा आहे.

पेट्रोल इंजिनात घनतेपेक्षाही महत्त्वाचं कारण आहे नॉकिंग. ठिणगीने पेटलेली ज्योत पसरत असताना कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप भडकतं, आणि पिस्टनवर हातोडीसारखे घाव बसतात. आत येणारी हवा जितकी गरम, तितका हा धोका जास्त. आजच्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. त्याने इशारा दिला की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ठिणगीची वेळ मागे घेतो, गरज पडली तर बूस्टही, म्हणजे टर्बोने दिलेला जादा दाबही, कमी करतो. इंजिन वाचतं, पण ताकद जाते. दुपारी ‘गाडी जड वाटते’ अशी तक्रार लोक करतात, तिच्यामागे अनेकदा हेच असतं. डिझेलमध्ये असं नॉकिंग नसतं. तिथे थंड हवेचा फायदा म्हणजे धूर कमी, नायट्रोजनची ऑक्साइडं कमी आणि एक्झॉस्टचं तापमान आटोक्यात. पहिल्या सफारीवर आणि टाटाच्या ट्रकांच्या इंजिनांच्या नावांत दिसणारी टीसीआयसी ही अक्षरं हेच सांगत होती: टर्बो आहे आणि त्याला इंटरकूलरची जोडही आहे.

इंटरकूलर न वापरता हवा थंड करायचा प्रयत्नही झाला. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबाइलने जेटफायर ही गाडी आणली. साडेतीन लिटरचं ॲल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन, टर्बो आणि २१५ अश्वशक्ती. कॉम्प्रेशन रेशो ठेवला १०.२५, म्हणजे टर्बोसाठी फारच चढा. इंटरकूलर नव्हता. त्याऐवजी पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण हवेत फवारलं जाई. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते, ती आत येणाऱ्या हवेतूनच खेचली जाते. त्यामुळे तत्त्व अगदी पक्कं होतं. पण मालक ती टाकी भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की यंत्रणा बूस्ट रोखून धरी आणि गाडी मंदावे. दोन वर्षांत जेटफायर बंद पडली. पुढे बीएमडब्ल्यूने एम-४ जीटीएसमध्ये पाण्याचा फवारा पुन्हा आणला, तीन लिटरच्या इंजिनातून ५०० अश्वशक्ती काढली आणि पाण्याची टाकी डिकीत ठेवली. अशा मोजक्याच गाड्या निघाल्या. चालकाने काही भरत राहावं लागणारा उपाय रोजच्या गाडीसाठी नाही, असं माझं मत आहे.

पोर्शेने दुसरी वाट धरली. १९७५ च्या ९११ टर्बोला इंटरकूलर नव्हता; तीन लिटरमधून २६० अश्वशक्ती मिळे. १९७८ साली इंजिन ३.३ लिटरचं झालं, मागच्या स्पॉयलरखाली हवेने थंड होणारा इंटरकूलर आला आणि ताकद ३०० वर गेली. वाढीतला काही वाटा मोठ्या इंजिनाचा होता हे खरं. पण त्याच वेळी कॉम्प्रेशन रेशो ६.५ वरून ७ पर्यंत नेता आला, आणि ती मोकळीक थंड हवेने दिली.

सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र विमानाचं आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-३८ लाइटनिंगच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत इंटरकूलर पंखांच्या पुढच्या कडेत सामावलेले होते. इंजिनं सुधारली, टर्बोही जास्त दाब देऊ शकत होते, पण ते इंटरकूलर जुन्या, कमी ताकदीच्या हिशेबाने केलेले होते. इंजिनाची पूर्ण ताकद वापरताच येईना. ‘जे’ आवृत्तीत इंटरकूलर इंजिनाच्या खाली हनुवटीसारख्या जागेत आणले, तेव्हा ही अडचण सुटली. आज नुसतं रिमॅप करून, म्हणजे ईसीयूमधली आज्ञावली बदलून, बूस्ट वाढवणारी आणि कंपनीचा छोटा इंटरकूलर तसाच ठेवणारी मंडळी नेमकी याच जागी अडकतात.

गाड्यांत दोन पद्धती दिसतात. एकीत पुढच्या जाळीमागे रेडिएटरसारखी चौकट असते आणि समोरून येणारा वारा ती थंड करतो. दुसरीत उष्णता पाण्याकडे जाते आणि ते पाणी वेगळ्या छोट्या रेडिएटरमध्ये थंड होतं. चाकणच्या त्या एक लिटरच्या टीएसआय या टर्बो-पेट्रोल इंजिनामध्ये हा पाण्याचा इंटरकूलर थेट इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवला आहे. नळ्या आखूड राहतात, म्हणून ॲक्सिलरेटर दाबल्यावर प्रतिसाद चटकन मिळतो. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सचा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर असतो आणि बॉनेटवरच्या खाचेतून त्याला वारा मिळतो. गाडी पळत असताना ही रचना उत्तम. सिग्नलला थांबली की खालून इंजिन त्यालाच तापवतं.

आपल्याकडे खरी परीक्षा घाटात होते. वेग कमी, म्हणून वारा कमी; चढ मोठा, म्हणून बूस्ट जास्त; पुढे ट्रकांची रांग. इंटरकूलरचं ॲल्युमिनियम हळूहळू उष्णता साठवत जातं आणि एका मर्यादेनंतर हवा थंड करणं जवळजवळ सोडून देतं. मे महिन्यात कसाऱ्यात किंवा खंबाटकीत हे हमखास अनुभवाला येतं. त्यामुळे युरोपातल्या थंड हवेत तपासलेले रिमॅपचे आकडे इथे जसेच्या तसे धरू नयेत.

मोठा इंटरकूलर घालताना आकाराने भुलू नये. आतली वाट अरुंद असेल तर दाब गळतो, आणि तो भरून काढायला टर्बोला अधिक फिरावं लागतं, म्हणजे पुन्हा उष्णता. फार मोठा असेल तर तो भरायलाच वेळ लागतो आणि लॅग, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर ताकद मिळेपर्यंतचा उशीर, वाढतो. बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर लावणं मला अजिबात पटत नाही. आवाज भारदस्त येतो, पण तो इंजिनाजवळची तापलेली हवाच ओढतो. दहा अंश गरम हवा म्हणजे साधारण तीन टक्के कमी घनता. बाहेरची हवा घ्यायची म्हणून नळी बंपरखाली नेली, तर मुंबईच्या पावसात सिलिंडरमध्ये पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकण्याची भीती. कंपनीचा बंद डबा आणि चांगला स्वच्छ फिल्टर बहुतेकांना पुरतो.

बदल करण्याआधी आहे ते नीट आहे का, हे बघा. टर्बोपासूनचे रबरी होज चिरलेत का, क्लिपा सैल आहेत का? चढावर मोठी शिट्टी आणि डिझेलमध्ये काळा धूर ही गळतीची ओळखीची खूण. इंटरकूलरच्या फटींत चिखल आणि किडे साचतात. ते हलक्या धारेने धुवावेत; प्रेशर वॉशर जवळ धरला तर नाजूक पत्रे वाकतात. जाळीसमोर लावलेले जादा दिवे आणि भोंगेही वारा अडवतात.

आणि मोजून बघा. साध्या ओबीडी स्कॅनरवर आत येणाऱ्या हवेचं तापमान दिसतं. मात्र तो सेन्सर टर्बोच्या आधीचा आहे की इंटरकूलरनंतरचा, हे आधी मेकॅनिककडून समजून घ्या. काही गाड्यांत दोन्ही असतात. हायवेवर इंटरकूलरनंतरची हवा बाहेरपेक्षा दहा-पंधरा अंश गरम असेल तर चिंता नाही. घाटात आकडा चढला आणि सपाटीवर आल्यावरही खाली उतरला नाही, तर पैसे आधी इंटरकूलरवर आणि होजवर खर्च करा, रिमॅपचा विचार त्यानंतर.