दावा न केलेली मालमत्ता सरकारची होते का? जाणून घ्या कायदा काय सांगतो

नवी दिल्ली : घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या निधनानंतर अनेक वर्षांनी कपाटात जुने बँक पासबुक किंवा शेअर प्रमाणपत्र सापडते. ‘आता ही रक्कम सरकारजमा झाली असणार’, असे मानून अनेक वारस पुढील चौकशीच करीत नाहीत. हा समज बहुतांशी चुकीचा आहे. ‘दावा न केलेली’ आणि ‘बेवारस’ या दोन प्रकारच्या मालमत्तांत कायदा स्पष्ट फरक करतो.

बँक ठेवींवर दहा वर्षांहून अधिक काळ दावा न झाल्यास बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ च्या कलम २६-अ नुसार ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. २०१४ मध्ये या निधीची योजना लागू झाली. मात्र रक्कम वर्ग झाल्याने ठेवीदाराचा किंवा वारसाचा हक्क संपत नाही. दावा मूळ बँकेकडेच करावयाचा असतो. बँक रक्कम देते आणि नंतर निधीकडून तिची भरपाई घेते. अशा ठेवींचा शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ पोर्टल सुरू केले. तेथे केवळ शोध घेता येतो, दावा करता येत नाही.

सलग सात वर्षे लाभांश न स्वीकारल्यास तो लाभांश आणि संबंधित शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. निधीच्या प्राधिकरणाकडे अर्ज करून ते परत मिळविता येतात.

विम्याच्या रकमेबाबत अधिक सावध राहणे आवश्यक आहे. दहा वर्षांहून अधिक काळ दावा न केलेली रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जमा होते. त्यानंतर २५ वर्षांत दावा न झाल्यास ती केंद्र सरकारची होते.

स्थावर मालमत्तेचे नियम निराळे आहेत. मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या हिंदू व्यक्तीस कोणीही वारस नसल्यास हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २९ नुसार मालमत्ता, तिच्यावरील दायित्वांसह, सरकारकडे जाते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९६ नुसार अशी मालमत्ता ज्या राज्यात असेल, त्या राज्याकडे निहित होते. मात्र घर बंद आहे किंवा वारस परगावी राहतात, एवढ्यावरून ती बेवारस ठरत नाही. वारस नसल्याचे सिद्ध करण्याची मोठी जबाबदारी तसा दावा करणाऱ्यावर असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे.

नामनिर्देशनाबाबतही गैरसमज आढळतो. नामनिर्देशित व्यक्तीला बँकेकडून रक्कम स्वीकारण्याचा अधिकार मिळतो, परंतु त्यामुळे कायदेशीर वारसांचा हक्क नाहीसा होत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते.

त्यामुळे जुनी कागदपत्रे सापडल्यास ती जपून ठेवावीत आणि मृत्यू प्रमाणपत्र, ओळखपत्र व वारसाहक्काच्या पुराव्यासह संबंधित संस्थेकडे लेखी अर्ज करावा.