कंपवाताचा श्वास

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या वैद्याने १८१७ साली एका छोटेखानी निबंधात जिचे सविस्तर वर्णन केले आणि जिला आपल्याकडे कंपवात म्हणून ओळखतात, त्या व्याधीचा विषय निघाला की आपले लक्ष थरथरणाऱ्या हातावर आणि अडखळणाऱ्या पावलावर जाते. परंतु मेंदूतील डोपामाइनचा साठा आटल्यामुळे हातापायांत जे मांद्य व जो ताठरपणा येतो, तोच बरगड्यांमधील स्नायूंतही शिरतो, हे घरच्यांच्या सहसा ध्यानी येत नाही. दीर्घ श्वासाचे फर्मान सुटते, पण त्याची तामिली दिरंगाईने आणि तीही अर्धवट होते. त्यामुळे आवाज क्षीण होतो, खोकल्यातला जोर जातो, आणि चुकून श्वासनलिकेत गेलेला घास बाहेर टाकता न आल्याने होणारा न्यूमोनिया हे या रुग्णांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण ठरते.

यावरचा व्यायाम दिसायला अगदी क्षुल्लक आहे. मुठीत मावणारी प्लास्टिकची नळी, तिच्यात स्प्रिंगची झडप, आणि नाकाला चिमटा. ठरावीक जोर लावून श्वास ओढल्याखेरीज झडप उघडत नाही आणि हवेचा कणही आत येत नाही. आरंभी रुग्णाच्या कमाल ताकदीच्या सुमारे ३० टक्के भार ठेवून तो क्रमाने वाढवतात. (शस्त्रक्रियेनंतर देतात ते तीन चेंडूंचे यंत्र निराळे, त्यात असा भार नसतो.) उच्छ्वासासाठीही असेच उपकरण आहे. त्याचा ४ आठवडे सराव करणाऱ्यांचे गिळणे अधिक सुरक्षित झाल्याचे ६० रुग्णांवरील एका अमेरिकी अभ्यासात २०१० साली दिसून आले.

चालण्याचे काय? श्वास पुरू लागला म्हणजे दम लवकर लागत नाही, हे उघड आहे. परंतु दारात पाऊल जागीच खिळते ते काही श्वासाच्या उणिवेने नव्हे, म्हणून या नळीने चाल सुधारेल असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून मी चार हात दूरच राहीन.

तथापि दिल्लीत या व्यायामाला एक वेगळे महत्त्व आहे. दिवाळीच्या सुमारास धुरकट हवा शहरावर पसरली, की करोलबागेपासून नोएडापर्यंतच्या पेन्शनर मंडळींची बागेतली सकाळची फेरी बंद पडते, आणि कंपवाताच्या रुग्णाला तर ही सक्तीची बैठक फारच महागात पडते. अशा दिवसांत खिडक्या लावून, पाठ टेकून बसून, औषधाचा अंमल चढलेला असताना हा सराव करावा, आणि फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवून त्या ओलांडत घरातल्या घरात चालावे.

मात्र रक्तदाब आटोक्यात नसेल, किंवा डोळ्याची अथवा कानाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीवाचून नळीला हात लावू नये. पुढच्या भेटीत गोळ्यांच्या मात्रेबरोबरच श्वासाचा जोरही मोजून द्या, असे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.