विश्लेषण : कायदा विधिमंडळात, परिणाम कारंज्यात, प्राध्यापकांचा आवाज पोहोचतो कसा?

कारंजा लाड येथील विद्याभारती महाविद्यालय असो वा किसनलाल नथमल गोयनका महाविद्यालय, दोन्ही संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. येथील प्राध्यापकाला विद्यापीठात मत आहे की नाही, अन्याय झाल्यास दाद कुठे मागायची, हे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ठरवतो. या कायद्यावर प्राध्यापकांचे म्हणणे कोणत्या मार्गाने मांडले जाते आणि त्यातून कोण सुटते?

कायदा कसा आला?

१९९४ च्या विद्यापीठ कायद्याच्या जागी आणलेले हे विधेयक २०१६ मध्ये दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात ते मंजूर झाले आणि १ मार्च २०१७ पासून कायदा लागू झाला. विधेयक समितीकडे असते तोच काळ संघटनांसाठी मोलाचा असतो. तेव्हा कलमवार हरकती आणि सूचना देता येतात. मंजुरीनंतर उरते ती दुरुस्तीची मागणी किंवा न्यायालयाची वाट.

सभागृहात कोण बोलते?

७८ सदस्यांच्या विधान परिषदेत शिक्षकांचे ७ आणि पदवीधरांचे ७ प्रतिनिधी असतात. वाशीम जिल्हा अमरावती विभागात येतो. या विभागाच्या पदवीधर मतदारसंघातून 'नुटा' या प्राध्यापक संघटनेचे नेते बी. टी. देशमुख १९८० ते २०१० अशी तीस वर्षे परिषदेत होते. संघटनेचा माणूस सभागृहात असला की महाविद्यालयातला प्रश्न थेट मंत्र्यांपुढे जातो, हे विदर्भाने पाहिले आहे.

विद्यापीठात काय?

अधिसभेवर संलग्न महाविद्यालयांतील प्राध्यापक १० प्रतिनिधी निवडून देतात. अधिसभा कायदा बदलू शकत नाही. पण कायद्याची अंमलबजावणी आणि अर्थसंकल्प यांवर तेथे प्रश्न विचारता येतात.

रेटा गरजेचा का?

कायदा एकदा झाला म्हणजे कायमचा, असे नसते. डिसेंबर २०२१ मध्ये उच्च शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती करणारे आणि कुलगुरू निवडीत सरकारला वाटा देणारे दुरुस्ती विधेयक मंजूर झाले. विद्यापीठांच्या स्वायत्ततेवरून वाद पेटला. सत्ताबदलानंतर २०२२ मध्ये सरकारने ते मागे घेतले.

खरी अडचण कुठे?

कायद्याच्या व्याख्येनुसार 'शिक्षक' म्हणजे पूर्णवेळ आणि मान्यताप्राप्त. तासिका तत्त्वावर शिकवणारे त्या व्याख्येत बसत नाहीत. वर्षानुवर्षे वर्ग घेऊनही अधिसभेच्या शिक्षक गटात त्यांना मत नाही. नोंदणी केल्यास ते पदवीधर गटात मतदान करू शकतात, इतकेच. पूर्णवेळ प्राध्यापक निवृत्त झाला आणि त्याच्या जागी तासिकेवर नेमणूक झाली, की वर्ग सुरू राहतो, पण मतदार यादीतले एक नाव कमी होते. म्हणूनच पदभरतीची मागणी केवळ पगाराची नाही, प्रतिनिधित्वाचीही आहे.

आता काय करता येईल?

अमरावती शिक्षक मतदारसंघातून डिसेंबर २०२० मध्ये निवडून आलेल्या आमदारांची सहा वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या याद्या प्रत्येक निवडणुकीसाठी नव्याने तयार होतात. मागच्या वेळी नाव होते म्हणून यंदा असेलच असे नाही. पात्र असलेल्यांनी वेळेत अर्ज भरणे, ही पहिली पायरी.