डब्यांतलें दूध आणि तान्हें मूल

गेल्या पावसाळ्यांत आमच्या परिचयाच्या एका सभासदाच्या घरीं आम्हीं दोन दिवस मुक्काम केला होता. गोठ्यांत चार दुभत्या म्हशी. दोन्ही वेळचें मिळून वीस लिटर दूध संस्थेच्या केंद्रावर जात असे. सून बाळंत होऊन तीन महिने झाले होते. ती खुरपणीस गेली कीं आजी फळीवरचा लहान मुलांच्या दुधाच्या भुकटीचा डबा काढी आणि बाटलींत भुकटी कालवून नातवास पाजी. डबा महाग, म्हणून जेथें चार चमचे घालावयाचे तेथें अडीच घालण्याची तिची रीत होती. मूल रडे, म्हणून ती पुन्हा पाजी. वजन मात्र वाढत नव्हतें. ज्या घरांतून रोज वीस लिटर दूध बाहेर जातें, त्याच घरांत दुधाचा डबा विकत यावा आणि तरीही मूल अर्धपोटीं राहावें, हा हिशोब आम्हांस कांहीं केल्या जुळेना. म्हणून या डब्याची हकीकत आम्हीं मुळापासून पाहिली. ती गोठ्याशीं इतकी निगडित आहे कीं या मासिकांत दिल्यास अस्थानीं होणार नाहीं.

स्वित्झर्लंडांतील व्हेवे येथें हेन्री नेस्ले यांनीं १८६७ सालीं दूध, गव्हाचें पीठ व साखर यांचें मिश्रण विकावयास काढलें. पुढें न्यूझीलंडांत भुकटीचा कारखाना निघून 'ग्लॅक्सो'चे डबे दूरदूरच्या देशांत जाऊं लागले. जेथें दूध विपुल आणि गिऱ्हाईक दूर, तेथें भुकटी निघते, हें यांतील मर्म आहे. आपल्याकडेही हे डबे प्रथम परदेशांतूनच आले, आणि शहरांतील सधन घरांत प्रतिष्ठेचे होऊन बसले.

आपल्या देशांत हाच प्रश्न खेडा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांपुढें उभा राहिला. खासगी मक्तेदाराच्या भावास कंटाळून त्यांनीं पंधरा दिवस दूध घालावयाचें बंद केलें, आणि १४ डिसेंबर १९४६ रोजीं आणंद येथें आपला संघ नोंदविला. त्रिभुवनदास पटेल हे त्याचे धुरीण होत. हिवाळ्यांत दूध वाढे, आणि मुंबई तें सर्व उचलीत नसे. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाहीं असें परदेशी तज्ज्ञांचें मत होतें, तें एच. एम. दलाया यांनीं खोटें पाडलें, व १९५५ सालीं आणंदचा कारखाना सुरू झाला. मग म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनें म्हशीच्या दुधापासून बालकांचा आहार तयार करण्याची कृति बसविली, आणि १९६० च्या सुमारास शेतकऱ्यांच्या संघाचा डबा परदेशी डब्यांशेजारीं दुकानांत मांडला गेला. १९६१ सालीं नेस्ले कंपनीनेंही पंजाबांत मोगा येथें कारखाना काढून तेथील शेतकऱ्यांचें दूध घेण्यास आरंभ केला. शेतकऱ्याच्या दृष्टीनें ही प्रगतीच होती, आणि तिचा अभिमान बाळगण्यांत कांहीं चूक नाहीं.

परंतु या दुधाचें होतें काय, हें पाहिलें पाहिजे. आईच्या दुधांत प्रथिनें शेंकडा सुमारें १ असतात, म्हशीच्या दुधांत ४ च्या आसपास. क्षार आईच्या दुधांत ०.२, तर म्हशीच्या दुधांत ०.८. यांत आश्चर्य नाहीं. गाईचें वासरूं दीड महिन्यांत वजनानें दुप्पट होतें; मुलास त्यासाठीं साडेचार-पांच महिने लागतात. ज्याची वाढ जशी, त्याचें दूध तसें. म्हणून कारखान्यांत आपल्या दुधांतील स्निग्धांश काढून घेतात, प्रथिनांचें प्रमाण उतरवितात, शर्करा, वनस्पतींचें तेल, जीवनसत्त्वें व लोह मिसळतात. इतकें करूनही आईच्या शरीरांत तयार होऊन दुधावाटे मुलास मिळणारीं रोगप्रतिकारक द्रव्यें डब्यांत घालतां येत नाहींत. केंद्रावर आपल्याला फॅट व एस.एन.एफ. पाहून भाव मिळतो; तोच माल डब्यांत बसून परत आला म्हणजे त्याची किंमत किती पट होते, हें ज्याचें त्यानें पावत्या समोर ठेवून पाहावें.

या व्यापाराविरुद्ध ओरड जुनीच आहे. मुलांना पाजण्यासाठीं विकल्या जाणाऱ्या गोड आटीव दुधाविषयीं डॉ. सिसिली विल्यम्स या बाईंनीं १९३९ सालीं सिंगापूरच्या रोटरी क्लबापुढें व्याख्यान दिलें, त्याला नांवच 'दूध आणि खून' असें होतें. १९७४ सालीं इंग्लंडांतील 'वॉर ऑन वॉण्ट' या संस्थेनें पुस्तिका काढून, गरीब देशांत परिचारिकेच्या वेषांतील विक्रेत्या बाळंतिणींस डबे कसे गळ्यांत बांधतात तें उघड केलें. गढूळ पाणी, न उकळलेली बाटली आणि पैसे वाचविण्यासाठीं पातळ केलेलें दूध, या तीन गोष्टी एकत्र आल्या कीं हगवण ठरलेली. २१ मे १९८१ रोजीं जागतिक आरोग्य परिषदेनें या विक्रीवर निर्बंध घालणारी नियमावली ११८ विरुद्ध १ मतानें संमत केली. विरुद्ध पडलेलें एकमेव मत अमेरिकेचें होतें.

आपल्याकडे १९८३ सालीं राष्ट्रीय नियमावली व १९९२ सालीं कायदा झाला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून अमलांत आला आणि २००३ सालीं अधिक कडक झाला. दोन वर्षांच्या आंतील मुलांसाठीं अशा खाद्याची जाहिरात करणें, फुकट नमुने वाटणें, डॉक्टरांस भेटी देणें, डब्यावर आईचें वा मुलाचें चित्र छापणें, हें सर्व आतां गुन्हा आहे. सहकारी संघाचा डबा आणि कंपनीचा डबा यांत कायदा भेद करीत नाहीं. आमच्या मतें तें योग्यच आहे. १९९१ सालीं वर्धा येथें स्थापन झालेल्या 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' या संस्थेस कायदेभंगाची तक्रार करण्याचा अधिकार सरकारनें दिलेला आहे.

मग जाहिरात बंद असूनही डबा आमच्या सभासदाच्या फळीवर आला कसा? आरंभ पहिल्याच दिवशीं होतो. व्यालेल्या म्हशीचा चीक रेडकास तास-दोन तासांत पाजला पाहिजे, नाहीं तर तें जगत नाहीं किंवा खुरटतें, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. खरवसासाठीं शेजारी भांडें घेऊन उभे असतात. आणि त्याच घरीं सुनेचा चीक मात्र जड म्हणून पिळून टाकतात, व मुलाच्या तोंडांत मध किंवा साखरपाणी घालतात! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत शेंकडा ८८ हून अधिक बाळंतपणें दवाखान्यांत झालेलीं आढळलीं, पण जन्मानंतर तासाभरांत आईचें दूध मिळालेलीं मुलें शेंकडा ४२ च होतीं. पहिले सहा महिने केवळ आईच्या दुधावर राहणाऱ्या मुलांचें प्रमाण २०१५-१६ सालीं शेंकडा ५५ होतें, तें ६४ वर आलें, हें समाधानाचें.

दुसरें कारण वेळेचें, आणि येथें बोलणें आपल्याकडेच येतें. २०१७ सालच्या दुरुस्तीनें प्रसूतीची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, ती कारखान्यांत व कचेऱ्यांत नोकरीस असणाऱ्या स्त्रियांस. आपल्या रानांत खुरपणाऱ्या मजूर बाईस आणि आपल्याच घरच्या सुनेस ती रजा कोण देणार? तण वाढलें म्हणजे तें बाळंतीण पाहत नाहीं, हें आम्हीही जाणतों. पण मजूर बाईस झोळी बांधावरच्या झाडास बांधूं द्यावी आणि मुलास पाजण्याचा वेळ मजुरींतून कापूं नये, एवढें करण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाहीं. मूल घरीं ठेवून या, असें बजावणारे बागाईतदार आमच्या पाहण्यांत आहेत.

डबा सर्वथा वर्ज्य आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. आई दगावली असेल, किंवा डॉक्टरांनीं कांहीं खऱ्या कारणानें सांगितलें असेल, तर तोच आधार. मात्र तेव्हां डब्यावरील माप तंतोतंत पाळावें. भुकटी जंतुरहित नसते, म्हणून पाणी उकळून, तें पुरतें निवण्यापूर्वींच भुकटी त्यांत कालवावी आणि दूध कोमट झाल्यावर लगेच पाजावें. उरलेलें टाकून द्यावें. तीन महिन्यांच्या मुलास दिवसास सुमारें १०० ग्रॅम भुकटी लागते, म्हणजे महिन्यास तीन किलो. ४०० ग्रॅमच्या डब्याच्या छापील किमतीस साडेसातानें गुणावें.

त्या सभासदापुढें आम्हीं हा गुणाकार केला, तेव्हां तो बराच वेळ गप्प होता. आजीनें विचारलें, सून रानांत असतां मुलास द्यावयाचें काय? त्याची सोय अशी: जाण्यापूर्वीं आईनें हात स्वच्छ धुऊन आपलें दूध उकळून घेतलेल्या वाटींत काढावें, वर झाकण ठेवून वाटी घरांतील थंड जागीं ठेवावी. चार तासांपर्यंत तें चांगलें राहतें. तें तापवूं नये. मुलास वाटी-चमच्यानेंच पाजावें. बाटली घरांत ठेवूंच नये, कारण तिच्या रबरी चोखणीची आंतली बाजू कितीही घासली तरी धुतली जात नाहीं.