फिल्टर किती तास टिकतो?

तिरोडा तालुक्यातलं चोरखमारा नागझिऱ्याच्या जंगलाला लागून आहे. भोवती धानाची शेती, त्यामुळे सापाची भीती रोजची. घोणस चावली की विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतं आणि मूत्रपिंडंही निकामी करू शकतं. अशा रुग्णाचा रक्तदाब ढासळला, तर चार तासांचं नेहमीचं डायलिसिस झेपत नाही. मग अतिदक्षता विभागात चोवीस तास संथ चालणारं डायलिसिस लावतात. ही पद्धत 1977 मध्ये जर्मनीत पीटर क्रेमर यांनी सुरू केली.

या यंत्रातला रक्त शुद्ध करणारा फिल्टर साधारण 72 तासांपर्यंत वापरायचा असतो. बहुतेक वेळा त्याआधीच त्याच्या केसासारख्या बारीक नळ्यांत रक्त गोठतं. तो अचानक बंद पडला तर आतलं दीड-दोनशे मिलिलिटर रक्त वाया जाऊ शकतं. आधीच रक्त कमी असलेल्या रुग्णाला हा फटका मोठा. शिवाय नवा संच जोडेपर्यंत शुद्धीकरण थांबतं आणि खर्च वाढतो.

फिल्टरमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपारिन किंवा सायट्रेट हे औषध देतात. जर्मनीतल्या 2020 च्या मोठ्या चाचणीत हेपारिन दिलेले फिल्टर मध्यकानुसार 26 तास टिकले, सायट्रेटवरचे 47 तास. सायट्रेट यंत्रातल्या रक्तातलं कॅल्शियम बांधतं, म्हणून रक्तस्रावाचा धोका असलेल्यांना ते सोयीचं. मात्र कॅल्शियम वारंवार तपासावं लागतं. त्या चाचणीत सायट्रेट गटात संसर्ग जास्त आढळले, मृत्युदरात ठोस फरक दिसला नाही. औषधाइतकीच महत्त्वाची असते रक्त यंत्रात नेणारी मानेतली नळी, म्हणजे कॅथेटर: ती दुमडली की उत्तम फिल्टरही लवकर जातो.

साप चावल्यावर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. लघवी कमी किंवा लाल झाली तर डॉक्टरांना लगेच सांगा.