फ्रेंच मेन्यू आणि आपलं ताट

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज आपण मोठ्या हॉटेलातल्या जेवणाबद्दल बोलू या. आपल्या वाशीला, बेलापूरला आता चांगली तारांकित हॉटेलं आहेत. पूर्वी तिथं कंपन्यांचे साहेब आणि त्यांचे पाहुणे जायचे. आता लेकीचा पहिला पगार होतो आणि ती म्हणते, "आई, आज घरी काही करायचं नाही. आपण मस्त ठिकाणी जेवायला जाऊ." कधी लग्नाला पंचवीस वर्षं झालेली असतात, कधी ऑफिसातल्या कुणाचा निरोप समारंभ असतो. बोलावणं आलं की आनंद होतो, आणि लगेच पोटात गोळाही येतो. काटे-चमचे कसे धरायचे? मेन्यूतली नावं वाचता आली नाहीत तर? शाकाहारी म्हणून दिलं आणि त्यात मांसाचं काही निघालं तर? बिल किती येईल? मग पुष्कळ जणी म्हणतात, "मला फारशी भूक नाही, तुम्हीच मागवा काय ते." हजारो रुपयांचं जेवण होतं आणि आईच्या पोटात जातो एक पाव आणि अर्धी वाटी सूप. असं होऊ नये म्हणून आजचं हे बोलणं.

पहिली गोष्ट, या जेवणाला फ्रेंच का म्हणतात? मोठ्या हॉटेलात 'कॉन्टिनेंटल' नावाखाली जे मिळतं त्याची पद्धत मुळात फ्रान्सची. त्या भाषेतले कितीतरी शब्द आपण रोज वापरतो. हॉटेल, मेन्यू, शेफ, बुफे, ऑम्लेट, हे सगळे फ्रेंचच. आपण बटाट्याचं कटलेट करतो ना, तो शब्द 'कोतलेत' या फ्रेंच शब्दावरून आला. त्याचा अर्थ बरगडीचा छोटा तुकडा. आपल्याकडे येईपर्यंत बरगडी गेली आणि बटाटा आला! 'रेस्टॉरंट' शब्दाचीही गंमत आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये अशक्त माणसाला ताकद देणारं मांसाचं सूप विकत मिळे. गेलेली शक्ती परत आणणारं, म्हणून त्याला 'रेस्तोराँ' म्हणत. पुढं ते विकणाऱ्या जागेलाच ते नाव पडलं.

हॉटेलातल्या स्वयंपाकाची आजची शिस्त बसवण्यात ऑगस्त एस्कॉफिए या फ्रेंच शेफचा मोठा वाटा आहे. ते १८९० पासून लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात होते. एकानं फक्त सॉस करायचे, दुसऱ्यानं मासे, तिसऱ्यानं गोड पदार्थ, अशी कामाची वाटणी त्यांनी पक्की केली. लग्नघरी भाताचा आचारी वेगळा आणि जिलबीचा वेगळा असतो, तसंच. त्यांचा पाककृतींचा मोठा ग्रंथ १९०३ साली निघाला. त्याच वर्षी १६ डिसेंबरला मुंबईत अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल सुरू झालं. पुढं अशा हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत आपली माणसं ही विद्या शिकली. गोव्याचे मिगेल आर्कांजो मास्कारेन्यस, ज्यांना सगळे 'मास्की' म्हणत, ते ताजचे मुख्य शेफ झाले. म्हणजे हे जेवण बनवणारे हात कधीपासूनच आपले आहेत.

आता टेबलावर बसू. आपल्या ताटात सगळं एकदम वाढलेलं असतं. डावीकडं मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडं भाजी, आमटी. मध्ये भात. कशाबरोबर काय खायचं हे आपलं आपण ठरवतो. तिथं एकामागून एक पदार्थ येतात. आधी स्टार्टर किंवा सूप, मग मुख्य पदार्थ, शेवटी गोड. पण मैत्रिणींनो, फ्रान्समध्येही ही पद्धत फार जुनी नाही. पूर्वी तिथल्या मेजवान्यांतही पुष्कळ पदार्थ एकदम टेबलावर मांडत. एकेक पदार्थ गरम गरम आणून वाढायची चाल एकोणिसाव्या शतकात रुजली, आणि तिला ते 'रशियन पद्धत' म्हणत. तेव्हा ही रीत त्यांनीही कुणाकडून तरी शिकून घेतलेली आहे. आपल्यालाही शिकता येते.

काट्या-चमच्यांचा नियम एका वाक्यात सांगते. बाहेरच्या बाजूनं सुरुवात करा आणि प्रत्येक पदार्थाबरोबर आत या. सूपचा गोल चमचा बहुधा उजवीकडं बाहेर असतो, कारण सूप आधी येतं. काटा डाव्या हातात, सुरी उजव्या हातात. जमत नसेल तर तुकडे आधी करून घ्या आणि मग काटा उजव्या हातात धरून खा. रुमाल मांडीवर ठेवायचा. मध्येच थांबायचं असेल तर काटा-सुरी ताटलीत एकमेकींपासून दूर ठेवा. जेवण झालं की दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. ही वेटरसाठी खूण आहे. ती ठाऊक नसेल तर अर्धी ताटली उचलून नेली जाते आणि आपण बघत राहतो. पाव हातानंच तोडायचा असतो. लिंबाची फोड घातलेलं कोमट पाणी वाडग्यात आलं तर ते बोटं धुण्यासाठी असतं.

मेन्यूतली नावं अवघड दिसतात. त्यातली काही आपण उलगडून पाहू. 'क्रेप' म्हणजे पातळ घावन, पण मैदा, दूध आणि अंड्याचं. 'रॅटाटुई' म्हणजे वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि झुकिनी यांची शिजवलेली भाजी. दक्षिण फ्रान्समधल्या साध्या घरांतला हा पदार्थ. 'ग्रातँ' म्हणजे वरून चीज किंवा पावाचा चुरा घालून भट्टीत लालसर केलेलं काहीही. 'बेशामेल' म्हणजे आपला व्हाइट सॉस. लोण्यात मैदा परतायचा आणि दूध घालून घोटायचं. आपण भाजीला बेसन लावून दाटपणा आणतो, तीच युक्ती. 'क्रेम ब्रूले' म्हणजे साय आणि अंड्याच्या बलकाचं मऊ कस्टर्ड, त्यावर जाळलेल्या साखरेचा कुरकुरीत पापुद्रा. चमच्यानं टकटक करून तो फोडायचा.

माशांच्या नावांनी तर बिचकूच नका. मेन्यूत 'एशियन सी बास' किंवा 'बारामुंडी' लिहिलेलं असतं. तो मासा म्हणजे आपला जिताडा! पनवेल-उरणकडच्या आगरी घरांत पाहुण्यासाठी मानानं रांधतात तोच. 'लॉबस्टर' दिसलं तर शेवंड समजा. 'कॅलामारी' म्हणजे माकूल, 'ऑयस्टर' म्हणजे कालवं, आणि 'क्लॅम' म्हणजे तिसऱ्यांच्या जातीतलं. दिवाळे, सारसोळे, करावे या गावांतल्या ज्या बायकांनी जन्मभर मासळी निवडली, त्यांना मासा ताजा की शिळा हे त्या खोलीतल्या बहुतेकांपेक्षा जास्त कळतं. भाज्यांचंही तसंच. ब्रोकोली, झुकिनी, लाल कोबी आपल्या वाशीच्या बाजार समितीत येतात आणि तिथूनच शहरभर जातात.

आता शाकाहारी आणि व्रतवैकल्यं पाळणाऱ्या मैत्रिणींनी लक्ष देऊन ऐकावं. फ्रेंच स्वयंपाकात मांस दिसत नाही, पण असतं, असं पुष्कळदा होतं. सूप भाज्यांचं असलं तरी त्याचं मूळ पाणी कोंबडीच्या हाडांचं असू शकतं. 'कॉन्सोमे' हे निवळ सूप सहसा मांसाचंच. काही सॉसमध्ये वाइन असते. सूफ्ले, मूस, कस्टर्ड यांत अंडं असतं. मूस किंवा जेली घट्ट करायला जिलेटिन वापरतात, आणि ते जनावरांपासून मिळतं. काही विलायती चीज करताना वासराच्या जठरातलं रेनेट लागतं. तेव्हा नुसतं "हे व्हेज आहे ना?" असं विचारू नका, कारण "हो" म्हणणं सोपं असतं. नेमकं विचारा. "यातला स्टॉक कशाचा आहे? यात अंडं आहे का? जिलेटिन आहे का? वाइन आहे का?" वेटरला ठाऊक नसेल तर तो आत जाऊन शेफला विचारून येईल. शेंगदाणे, काजू, दूध, कोळंबी यांपैकी कशाची ॲलर्जी असेल तर मागवण्याआधीच सांगा. ते जिवावरचं असतं, तिथं संकोच नको.

हे सगळं विचारायला आपण बिचकतो, विशेषतः किमती विचारायला. याला एक जुनी गोष्ट कारण आहे. युरोप-अमेरिकेतल्या भारी रेस्टॉरंटांत दोन प्रकारची मेन्यूकार्डं असत. पुरुषाच्या हातात किमती छापलेलं कार्ड द्यायचं आणि बाईच्या हातात किमती नसलेलं. बाईनं आवडेल ते मागवावं, पैशाचं पुरुषानं पाहावं, असा हिशोब. १९८० साली अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या 'लॉरांजरी' नावाच्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये एक बाई आपल्या व्यवसायातल्या भागीदाराला जेवायला घेऊन गेली. पैसे ती देणार होती. तरी किमतींचं कार्ड त्याच्या हातात आणि कोरं तिच्या हातात! दोघं न जेवता उठले आणि स्त्री-पुरुष भेदभावाचा दावा लावला. रेस्टॉरंटनं ती चाल सोडली आणि मग दावाही मागे घेतला गेला.

आपल्या हातात आज कोरं कार्ड कुणी देत नाही. पण किंमत छापलेली असूनही आपण ती मोठ्यानं विचारत नाही, कारण "लोक काय म्हणतील?" वेटर तोंडी सांगतो, "मॅडम, आज स्पेशल अमुक आहे," आणि आपण मान हलवतो. त्याच वेळी विचारायचं, "केवढ्याला आहे?" पाणी आणताना तो "मिनरल की रेग्युलर?" म्हणतो. रेग्युलर म्हणजे साधं पिण्याचं पाणी, ते मागायला काही कमीपणा नाही. बाटलीचं पाणी हॉटेलात छापील किमतीपेक्षा महाग विकता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलेलं आहे.

आता बिल. समजा पदार्थांची बेरीज ३,००० रुपये झाली. बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के जीएसटी, म्हणजे १५० रुपये, बिल ३,१५०. पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटला साधारणपणे १८ टक्के लागतो. म्हणजे ५४० रुपये, बिल ३,५४०. त्यात हॉटेलनं १० टक्के सेवा शुल्क धरलं तर ३०० आणखी, आणि त्यावरही कर. बिल झालं ३,८९४. मेन्यूत ३,००० वाचलेल्या बाईला हा जवळजवळ नऊशे रुपयांचा धक्का असतो. म्हणून मागवतानाच मनात तीसएक टक्के वर धरून चाला.

यातला जीएसटी सरकारचा, तो द्यावाच लागतो. सेवा शुल्क मात्र सरकारचं नाही, ते हॉटेल लावतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं की हॉटेलांनी ते आपोआप बिलात घालू नये आणि सक्ती करू नये. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं ही भूमिका उचलून धरली. हॉटेलचालकांच्या संघटना त्यावर अपिलात गेल्या आहेत. तुम्ही शांतपणे म्हणू शकता, "सेवा शुल्क काढून बिल द्या." ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. आणि वेटरनं मनापासून वाढलं असेल तर त्याच्या हातात खुशीनं काही ठेवा. तेही कुणाचं तरी लेकरू आहे, दिवसभर उभं असतं.

जाण्याआधी एक फोन करा. दोघांच्या जेवणाला अंदाजे किती खर्च येईल, दुपारचा ठरलेल्या किमतीचा मेन्यू आहे का, शाकाहारी मुख्य पदार्थ कोणते, सासूबाईंच्या चाकाच्या खुर्चीसाठी उतार आहे का, हे सगळं फोनवर सांगतात. तिथं गेल्यावर प्रत्येकीनं चारही पदार्थ मागवलेच पाहिजेत असं नाही. एक स्टार्टर तिघींत वाटून घ्या, मुख्य पदार्थ आपापला, गोड दोघींत एक. चव सपक वाटली तर मीठ-मिरी मागा. आवडलं नाही तर तसं म्हणायलाही हरकत नाही. पुरणपोळीही सगळ्यांना कुठं आवडते?

एक शेवटचं. या शहराची आखणी १९७० साली सिडकोनं हाती घेतली, तेव्हा इथं भातशेती, मिठागरं आणि खाडी होती. आज काचेच्या इमारती आहेत. ज्या घरांची शेतं गेली त्यांच्या नाती आज त्या इमारतींत काम करतात, आणि आजीला तिथं जेवायला घेऊन जातात. आजीनं तिथं जिताडा ओळखावा, मेन्यूवर बोट ठेवून "हा केवढ्याला?" म्हणून विचारावं, आणि पोटभर जेवून यावं.