गोठण्याचा वेग आणि चुंबकाची ताकद

खेळण्यांत हल्ली वाटाण्याएवढे चुंबक येतात. इतके लहान, पण एकमेकांना चिकटले की नखाने सुटत नाहीत. निओडिमियम हे दुर्मीळ मृदा गटातले मूलद्रव्य, लोखंड आणि बोरॉन यांच्या मिश्रधातूचे ते असतात. जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट यांनी वेगवेगळ्या रीतीने केलेले हे चुंबक १९८३ मध्ये जगासमोर आले. मात्र, योग्य प्रमाणात धातू वितळवले म्हणजे काम झाले असे नाही. तो रस किती वेगाने गोठतो, यावर बरेच काही अवलंबून असते.

साखरेचेच पाहा. पाक सावकाश निवला तर खडीसाखरेचे मोठे खडे बनतात. तोच कडक पाक झटकन थंड केला तर काचेसारखी गोळी होते. साखर तीच, आतली रचना वेगळी.

या मिश्रधातूचा रस जाड साच्यात हळूहळू गोठला, तर आधी लोखंडाचे मऊ स्फटिक वेगळे होतात. त्यांच्यामुळे चुंबकत्व टिकत नाही आणि धातू दळणेही अवघड जाते. म्हणून कारखान्यात रस फिरत्या थंड रोळावर सोडून त्याचे मिलिमीटरभराहून पातळ पापुद्रे करतात. लोखंडाला सुटे व्हायला वेळच मिळत नाही. पुढे पापुद्रे दळतात, पूड चुंबकीय क्षेत्रात एका दिशेने लावून दाबतात आणि भट्टीत भाजतात.

क्रोट यांनी रसाची धार वेगाने फिरणाऱ्या चाकावर सोडली. या पद्धतीत तापमान सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या वेगाने उतरते. तयार होणारे स्फटिककण केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात. चाक याहून जोरात फिरवले, तर कण बनतच नाहीत. काचेसारखा धातू मिळतो आणि तो पुन्हा तापवावा लागतो.

बारीक कणांचा फायदा काय? मोठ्या वॉर्डात संसर्ग खाटेमागून खाट पसरतो, स्वतंत्र खोल्यांत तो अडतो. तसेच एका कणातले चुंबकत्व उलटले, तरी कणांमधल्या निओडिमियमयुक्त पातळ थरामुळे शेजारचा कण सहसा बचावतो.

हीच ताकद मुलाच्या पोटात घातक ठरते. एकाहून अधिक चुंबक गिळले गेले, तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ते एकमेकांना ओढतात. मधल्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतड्याला भोक पडू शकते. सुरुवातीला फक्त उलटी किंवा पोटदुखी असते, कधी तेही नसते. एक्स-रेमध्ये चिकटलेले दोन चुंबक एकच वाटू शकतात.

म्हणून केळे खाऊ घालून ‘शीवाटे पडेल’ याची वाट पाहू नका. उलटी करवू नका, खायला-प्यायला देऊ नका. ताबडतोब रुग्णालय गाठा आणि किती चुंबक हरवलेत, ते मोजून सांगा.